वरचं एक

३ मार्च, सोमवार

ताई फोनवर म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, निदान तेवढा वेळ तरी एका जागी बसशील. बसलोय. एक ओळ लिहून पाणी पिऊन आलो. दुसरी लिहून खिडकीची सैल कडी पिळून आलो. घरात मला उगाच भिंगरी म्हणत नाहीत.

तर, नवीन काम लागलं. कॉमिकचं दुकान. गठ्ठे उचलायचे, दोऱ्या कापायच्या, झाडू मारायचा. मालकीण साठीच्या पुढची. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही. चष्मा डोळ्यांवर नसतो, नाकाच्या टोकावर असतो.

"शाळा किती?" त्यांनी विचारलं.

"सातवीत सोडली. म्हणजे सातवीनं मला सोडलं."

"याआधी कुठं कुठं कामं केलीस?"

मी बोटं मोजायला लागलो. दुसरा हात वर केला तशा म्हणाल्या, "राहू दे. महिनाभर बघते. एकतीस तारखेला सांगेन ठेवायचं की नाही ते."

दाजी म्हणजे ताईचा नवरा. टायरचं दुकान आहे, एप्रिलमध्ये दुसरं काढतायत. त्यांनी ताईच्या हातातला फोन ओढून घेतला. "साहेब, तिथून पळालात की सरळ इकडंच या. टायर निदान गोल फिरतात, तुम्हाला करमेल." ताई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "या वेळी तरी?"

मी म्हटलं, "बघू."

खरं सांगायचं तर मलाच खात्री नाही. आजवर कामावर जरा काही बिनसलं की मी पिशवी उचललीय. लिहायला कशाला लाजायचं, ही वही कोण वाचणार आहे.

६ मार्च, गुरुवार

गुरुवारी नवीन माल येतो. दोरी कापली की शाईचा असा वास सुटतो की भूकच लागते. नवे अंक पुढच्या फळीवर तोंड दाखवून लावायचे, जुने पाठ दाखवून उभे करायचे.

एका गिऱ्हाइकानं एक उचलून विचारलं, "कसं आहे हे?" मी म्हटलं, "एक नंबर!" त्यानं दुसरं उचललं. "एक नंबर!" तिसऱ्यालाही तेच म्हणालो तर तो तिन्ही ठेवून निघून गेला.

बाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "सगळीच एक नंबर, तर दोन नंबरवर मी बसू का?" मग जवळ बोलावलं. "चांगलं आहे असं सांगत जाऊ नकोस. ते छापणाराही सांगतो. आत काय आहे तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. येतं का गप्प बसता?"

"शिकेन."

"कर सुरुवात."

७ मार्च, शुक्रवार

आज दुकानाची खरी गंमत कळली. गल्ल्यामागं एक आडवंतिडवं लाकडी कपाट आहे, दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये भिंतीसारखं उभं. दार नाही, पाठ नाही, नुसते चौकोनी खण, दोन्हीकडून उघडे. मागच्या खोलीतून भरायचे आणि पुढच्या बाजूनं द्यायचे. पाच उभ्या रांगा. एकेक खण एकेका नेहमीच्या वाचकाचा. पुढं नावाच्या पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्यात, मागं खडूनं लिहिलंय.

ज्याची जी मालिका चालू असेल तिचा नवा भाग बाई आपल्या हातानं पुढून ठेवतात. त्यावर मागून आणखी एक पुडकं पडतं. नुकतंच निघालेलं एखादं कॉमिक, वाचकानं न मागितलेलं, बाईंनी त्याच्यासाठी निवडलेलं, तपकिरी कागदात बांधून. त्याला इथं 'वरचं एक' म्हणतात. दुकानात उघडायला बंदी. घरी जाऊन उघडायचं. आवडलं तर ठेवायचं, नाही तर पुढच्या शुक्रवारी परत. बाई म्हणे वर्षानुवर्षं हे करतायत आणि परत येणारं पुडकं क्वचितच दिसतं.

संध्याकाळी सगळे आले. वेल्डर, हा एवढा धिप्पाड, हातांवर ठिणग्यांचे डाग. त्याला चिखलातून वर येणारी भुतं लागतात. दातांच्या डॉक्टरीणबाई, हळू बोलणाऱ्या, त्यांना शांत गोष्टी. निवृत्त हेडमास्तर, फक्त राजेमहाराजे. पार्लरवाली, पोट धरून हसवणारं असेल तरच. आणि बसची कंडक्टरबाई, दुकानावरूनच जिची बस जाते, तिला काहीही चालतं पण लवकर हवं.

प्रत्येक जण पुडकं कानाशी हलवून बघतो. कागदात काय वाजणार? पण हलवतात.

१२ मार्च, बुधवार

मी वाचतो कसा, हे कुणाला सांगितलं नव्हतं. आधी नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जातो. मग उलटा येऊन फुग्यांतलं बोलणं वाचतो, एकेक शब्द धरून. वेळ लागतो. आज बाईंनी पकडलं.

"काय आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

"एक बस आहे. तिच्यात सगळी जनावरं बसलीत आणि चालवतेय गोगलगाय. सगळ्यांना उशीर झालाय. पण गोगलगाय खिडकीतून जे दाखवते ते बघायला सगळेच थांबतात. शेवटी उतरायची वेळ येते तेव्हा कुणी उतरत नाही."

मी गप्प बसलो. जमलं!

"कुणाला देशील?"

"कंडक्टरबाईंना. दिवसभर 'पुढं चला, पुढं चला' करतात. त्यांना एक तरी बस अशी मिळावी."

बाईंनी चष्मा वर सरकवला. म्हणजे डोळ्यांवर. पहिल्यांदाच बघितलं. "बांध मग तिच्यासाठी," म्हणाल्या.

१७ मार्च, सोमवार

दुपारी सिग्नलला बस थांबली आणि दारातून आरोळी आली, "ए भिंगरी! गोगलगाय ठेवली रे मी! परत मागू नकोस!" अख्खी बस माझ्याकडं बघत होती. मी झाडू उंच धरून हलवला. घरचं नाव आता इथंही लागलंय.

बाई म्हणाल्या, "या शुक्रवारी सगळ्यांचं वरचं एक तूच निवड."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्याही, मागच्या खोलीत.

१८ मार्च, मंगळवार

बाई दंतवैद्याकडं गेल्या होत्या (आपल्याच डॉक्टरीणबाईंकडं). गिऱ्हाईक नाही. हात शिवशिवायला लागले. कपाटाची मागची बाजू फारच कळकट होती, आणि माळ्यावर निळ्या रंगाचा डबा सापडला. मग काय. दोन हात मारले. झकास! फक्त रंगाखाली खडूची नावं गेली. त्यात काय एवढं, पुढं जाऊन पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठ केल्या, मागं येऊन त्याच क्रमानं लिहून काढल्या. अक्षरही आधीपेक्षा बरं आलंय.

बाई गालावर हात धरून परत आल्या. निळा रंग बघितला. बोलता येत नव्हतं म्हणून बचावलो.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर निवडत होतो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं विसरायला नको.

वेल्डरला 'दलदल'. पहिल्याच पानावर हात वर येतो, दुसऱ्यावर आणखी सहा. त्याला आवडणारच.

डॉक्टरीणबाईंना 'सातव्या मजल्यावरची बाग'. एक म्हातारी सातव्या मजल्यावर वेल लावते आणि ती खाली न लोंबता वरच जात राहते. पानंच्या पानं कुणी बोलत नाही. ज्यांना दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघावी लागतात त्यांना मिटलेली तोंडं बरी वाटतील.

हेडमास्तरांना 'गडावरचा शेवटचा घोडा'. राजा आहे, तह आहे, फितुरी आहे, जाडजूड आहे.

पार्लरवालीला 'लोखंडी काकू'. काकूवर वीज पडते आणि तिच्या लाटण्यात ताकद येते. चोरांचे हाल वाचून मी गठ्ठ्यावरून खाली पडलो.

कंडक्टरबाईंना 'टोपीत राहणारी माणसं'. छोटं आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये होईल.

बाकीच्यांचीही बांधली. मागून प्रत्येकाच्या नावाच्या खणात टाकली. आजवर कुठलंही काम इतकं मन लावून केलं नसेल. ताईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "बरा आहेस ना?"

२१ मार्च, शुक्रवार

आज मी मागंच होतो, रिकामे गठ्ठे चपटे करत. पुढं बाई देत होत्या. खणांच्या फटीतून नुसते त्यांचे हात दिसत होते. वेल्डरचं पुडकं त्यांनी उचललं, तळहातावर जरा झुलवलं, पुन्हा झुलवलं. मग वाकून फटीतून माझ्याकडं बघितलं.

"भिंगरी, वेल्डरचं हेच?"

"एकदम हेच."

"नक्की?"

"बाई, डोळे झाकून द्या!"

त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत होत्या. मग एकेकाला भराभर सगळं देऊन टाकलं. हेडमास्तरांच्या वेळी तर पदर तोंडाला लावला. दाढेचं दुखणं अजून गेलेलं दिसत नाही.

२२ मार्च, शनिवार

संपलं सगळं.

सकाळी शटर अर्धं वर होतं तोच वेल्डर आत शिरला. हातात पुस्तक. 'सातव्या मजल्यावरची बाग'!

"हे माझं?" त्यानं विचारलं.

मी झाडू भिंतीला टेकवला.

"यात कुणी मरत नाही," तो म्हणाला. "मी शेवटच्या पानापर्यंत वाट बघितली. म्हातारी पडेल, गच्ची कोसळेल, काहीतरी होईल. काहीच नाही! नुसती वेल." आणि पुस्तक बगलेत मारून निघून गेला. परतसुद्धा केलं नाही, इतका संतापला होता.

मी पळत मागं गेलो, मग पुढं, मग मागं. आणि टाळक्यात उजेड पडला. पुढून डावीकडचं पहिलं नाव मागून उजवीकडचं शेवटचं असणार! मी मात्र मागंही डावीकडूनच लिहीत सुटलो होतो. म्हणजे सगळं उलटं. वेल्डरचं डॉक्टरीणबाईंना, डॉक्टरीणबाईंचं वेल्डरला. हेडमास्तरांना लोखंडी काकू! फक्त मधली रांग मागून-पुढून तीच, म्हणून कंडक्टरबाई तेवढ्या वाचल्या.

त्या हळू बोलणाऱ्या बाईंच्या घरात आत्ता 'दलदल' आहे. चिखलातून सात हात.

२३ मार्च, रविवार

आज दुकान बंद. पिशवी भरली. दाजींना फोन लावणार होतो, पण म्हटलं पोचल्यावरच सांगू. स्टॉपवर गेलो. बस आली आणि दारात कंडक्टरबाई.

"कुठं निघाली स्वारी?"

"घरी."

"सुट्टीवर?"

मी एक पाय पायरीवर आणि एक खाली ठेवून सगळं सांगितलं. निळा रंग, डावं-उजवं, काकू, सात हात. मागचे लोक ओरडायला लागले. ही बया हसत सुटली. "म्हणजे मास्तरांच्या हातात लाटणं!" मग एकदम थांबली. "ए, पण मग माझ्याच पुडक्यात गडबड का नाही?"

"तुम्ही मधल्या रांगेत."

"वा रे वा! मी काय तुझं घोडं मारलं होतं? सगळ्यांना मज्जा आणि मला आपलं बरोबरच!" तिनं घंटी वाजवली. "चढतोयस का उतरतोयस? दारात लोंबकळायचं नाही. आणि उतरणार असशील तर शुक्रवारी मला काय देणार तेही ठरव."

मी उतरलो. का, ते विचार करूनही कळलं नाही. तिच्यासाठी एक डोक्यात होतं, म्हणून असेल.

२४ मार्च, सोमवार

बाईंना सांगून टाकलं. खाली मान घालून, एका दमात. वर बघितलं तर त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. अजिबात दचकल्या नाहीत. कमाल आहे.

"मग शुक्रवारी तू पुढं उभा राहा," म्हणाल्या. "परत येतील ती पुडकी तूच घे. मी मागं बसते."

ही शिक्षा आहे. एकतीस तारखेचा निकालही लागल्यात जमा. पण थांबतो. शुक्रवारी पळालो तर त्या पुडक्यांना तोंड कोण देणार, बाईंची तर दाढ दुखतेय.

खडूची नावं पुसून नीट लिहिली. या वेळी एकेक खणात हात घालून पुढून कोणता ते बघून.

२८ मार्च, शुक्रवार

गल्ल्यावर पुढं उभा राहिलो.

आधी पार्लरवाली आली. पुडकं गल्ल्यावर आपटलं. "हे घे तुझं. दोन पानं वाचली आणि झोप लागली. नुसत्या मिश्याच मिश्या!" मी माफी मागितली, चूक कशी झाली ते सांगितलं. "मग माझं काय होतं?" तिनं विचारलं. म्हटलं, काकूवर वीज पडते आणि लाटण्यात ताकद येते. आणि गप्प बसलो. "आणि ते कुणाकडं गेलं?"

तेवढ्यात हेडमास्तर दारात. काकू हातात. "हे वाचनालय आहे की तमाशा?" त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पहिल्या पानापासून लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासलेलं. समासात शेरे. 'भाषा सुधारा.' 'काकूंना हे शोभत नाही.' 'लाटण्याचा दुरुपयोग.'

मागच्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "खुणा केलेलं परत घेत नाही मास्तर!"

मी पानं उलटून बघितली. निम्म्यापर्यंत लाल नुसतं गिचमिड, पुढं एकही खूण नाही. बहुतेक पेन्सिल संपली असावी.

पार्लरवालीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, एक शेरा वाचला, आणि अशी हसली की खाली बसली. "मला हेच पाहिजे! लाल पेन्सिलीवालंच!" मास्तर म्हणाले, "वाचून झालं की परत करा." आपलं वाटतंय की काय त्यांना ते? घोड्याचं पुस्तकही घेऊन गेले.

मग डॉक्टरीणबाई. मी डोळेच मिटले. त्या हळूच म्हणाल्या, "हे चूक आहे."

"हो बाई, माझीच."

"तुमची नाही, चित्रकाराची. या प्राण्याच्या जबड्यात एवढे सुळे बसणारच नाहीत. तोंड मिटायचं कसं त्यानं?" पान काढून दाखवायला लागल्या. तोवर मागं वेल्डर येऊन उभा. तो म्हणाला, "मिटायचंच नाही त्याला. त्याला खायचंय." त्या म्हणाल्या, "खायलाही मिटावं लागतं." तो विचारात पडला. मग म्हणाला, "माझ्या पुस्तकातल्या बागेतही चूक आहे. त्या वेलीचा मांडव तारेचा काढलाय. तारेवर एवढा भार पेलत नाही. लोखंडी पट्टी पाहिजे." त्या म्हणाल्या, "माझ्या गच्चीवरचा तारेचाच आहे. वाकलाय."

दोघं वाद घालत घालतच बाहेर पडले. शटर लावेपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभं राहून भांडत होते. दोघांनीही परत काहीच केलं नाही. रागाच्या भरात विसरले असणार.

बाकीची मात्र बरीच पुडकी परत आली. मोजली नाहीत. उगाच कशाला.

३१ मार्च, सोमवार

एकतीस तारीख. सकाळपासून बाईंच्या तोंडाकडं बघतोय. झाडू मारला, गठ्ठे लावले, बिजागरीला तेल घातलं. शेवटी विचारलं, "बाई, माझं काय?"

"शुक्रवारी बघू."

दाजींचा फोन आला. "साहेब, टायर वाट बघतायत." म्हटलं, शुक्रवारी सांगतो. ताई मागून ओरडली, "अजून तिथंच आहे? खरंच?"

४ एप्रिल, शुक्रवार

आजची वरची पुडकीही मीच बांधली होती. सगळी बरोबर खणात पडली. कंडक्टरबाई पुडकं कानाशी हलवून म्हणाल्या, "बघ बाबा, बरोबर दिलंस तर तक्रार करेन." वेल्डर दुकानात आला तो खांद्यावर लोखंडी पट्ट्या घेऊन. डॉक्टरीणबाईंच्या गच्चीचं काम मिळालंय म्हणे. एवढं भांडण होऊनही काम दिलं, डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या आहेत. कामाला जाताना यानं केसांना तेल लावून भांग कशाला पाडला होता, ते मात्र कळलं नाही.

सगळे गेल्यावर शेवटचा झाडू मारत होतो. मधल्या रांगेत सगळ्यात खालचा खण पहिल्यापासून रिकामा असतो. तिथं एक पुडकं दिसलं. म्हटलं, कुणाचं राहिलं? वाकून बघितलं तर वर पत्र्याची नवी पट्टी ठोकलेली. 'भिंगरी'.

पळत मागं गेलो. मागून तोच खण. निळ्या रंगावर बाईंच्या अक्षरात तेच नाव.

"मधली रांग दिलीय," बाई गल्ला बंद करताना म्हणाल्या. "कुठूनही बघितलंस तरी चुकणार नाही."

"बाई, पण ठेवायचं की नाही ते सांगणार होतात."

"आधी वाच. आवडलं नाही तर पुढच्या शुक्रवारी परत कर. दुकानात उघडायचं नाही."

खोलीवर येऊन कागद सोडला. एक पोरगा आहे, त्याच्या बुटांत वारा शिरलाय, जिथं उतरतो तिथून बूट त्याला पुढं घेऊन जातात. चित्रं बघत शेवटच्या पानापर्यंत आलो. पोरगा एका अनोळखी दारात उभा, एक पाय आत, एक बाहेर. आणि खाली लिहिलंय, भाग पहिला. एकूण बारा. दर महिन्याला एक.

बारा! एवढं सावकाश काढतात का कुणी? पाय आत घेतो की नाही हे कळायलाच महिना, आणि सगळं संपेपर्यंत माझं वर्ष जाणार. बाईंनाही दुसरं काही सुचलं नाही का?

ताईला फोन लावला. "दाजींना सांग, टायर आत्ता नको. माझा दुसरा भाग यायचाय."

"कसला दुसरा भाग?"

आत काय आहे ते सांगितलं आणि गप्प बसलो. तिकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. सर्दी झाली असेल.

निकालाचं मात्र राहिलंच. पुढच्या शुक्रवारी नक्की विचारतो.